मोगऱ्याला ताण द्या, मग बघा बहर

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात मोगऱ्याचं झाड नाही असं अंगण क्वचित सापडेल. तुळशीपाशी, न्हाणीच्या मोरीपाशी, फाटकाच्या बाजूला, कुठेतरी ते उभं असतंच. पण भर वैशाखात पानांपेक्षा कळ्याच जास्त दिसाव्यात असं झाड गावात एखाद-दोन घरीच. बाकी सगळीकडे तक्रार एकच: "वहिनी, पाणी त बदाबदा टाकतो, शेणखत बी टाकतो, झाड हिरवंगार हाय, मंग फुलत काहून नाई?"

बदाबदा पाणी टाकता म्हणूनच फुलत नाही. हिवाळाभर ज्याला मागितल्याबिगर पाणी मिळतं, ते झाड पानंच वाढवत बसतं.

ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे त्यांना हे सांगावं लागू नये, पण लागतं. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरतानाचा फुलोरा, घ्यायचा म्हणून डिसेंबरात आपण बागेचं पाणी तोडतो, तिला ताण देतो. पानं मलूल होतात, थोडी गळतात, तरी जीव घट्ट करून थांबतो. जानेवारीच्या मध्यानंतर पाणी सोडलं की सगळी बाग पांढरी होते. मृगाचा बहार घ्यायचा असला तर हाच ताण मे महिन्यात. वावरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि त्याच घरच्या अंगणात मोगऱ्याला मात्र बारा महिने सकाळ-संध्याकाळ बादली. संत्रा आणि मोगरा एका कुळातले नाहीत, मोगरा पारिजातकाच्या कुळातला. पण विसाव्यानंतर जोमाने फुटायचा गुण दोघांतही आहे, आणि मोगऱ्याचं फूल नेहमी नव्या फुटीच्या शेंड्यावरच येतं. जुन्या काडीवर कितीही पाणी ओता, कळी लागणार नाही. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: आधी ताण, मग छाटणी, मग खत, आणि पाणी सगळ्यात शेवटी.

ताण आणि छाटणी

संक्रांतीचे वाण लुटून झाले की मी मोगऱ्याचं पाणी बंद करते. जमीन भारी काळी असेल तर ओल लवकर तुटत नाही, तिथे तीन आठवडेही लागतात. मुरमाड जागेत त्याहून कमी. कुंडीतल्या झाडाला मात्र आठ-दहा दिवस पुष्कळ झाले, जास्त ताणलं तर झाडच जाईल. झाडाकडे बघून ठरवायचं. पानांची चकाकी जाते, कडा आत वळतात, खालची पानं पिवळी पडून गळतात. शेंडे सुकायच्या आत थांबायचं.

मग जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, थंडीचा कडाका ओसरला की सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घ्यायचं. संत्र्याची सल, म्हणजे वाळक्या काड्या, काढायला जे वापरता तेच चालतं, फक्त पातं धारदार हवं. पूर्ण झाड गुडघ्याएवढं, म्हणजे दीड फुटावर आणायचं. आधी वाळलेल्या काड्या काढा. मग पेन्सिलीपेक्षा बारीक, वेड्यावाकड्या, एकमेकींवर घासणाऱ्या. मग बुंध्यातून सरळ वर गेलेले लांबलचक, वेलासारखे फुटवे. त्यांवर फूल येत नाही, ते नुसते झाडाचं बळ खातात. काप नेहमी पेऱ्याच्या जरा वर आणि तिरपा. शेवटी उरलेली पानंही हाताने ओरबाडून टाका. इथे बायांचा हात थांबतो. "माय वो, बोडकं करून टाकलं झाड!" असं म्हणत शेजारच्या काकू दरवर्षी हळहळतात. पण पानं ठेवली तर झाड जुन्या पानांवरच निभावतं आणि डोळे उशिरा फुटतात. जाड फांदीच्या कापाला संत्र्याच्या बुंध्यासाठी केलेलं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावलं की बुरशी शिरत नाही.

छाटल्यावर बुंध्याभोवती हातभर गोलात खुरप्याने माती मोकळी करा आणि चार-पाच दिवस तशीच उन्हात तापू द्या. मग एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळा. खत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं पाहिजे. ओल्या शेणाने हुमणी आणि उधई दोन्ही येतात. युरिया या झाडाला घालूच नका, पानांचा नुसता गुंता होतो. त्यानंतर आधी हलकं आंबवणीचं पाणी, चार-पाच दिवसांनी चिंबवणीचं, आणि मग नेहमीसारखं. पंधरवड्यात डोळे फुगतात. पाडव्याच्या आसपास पहिल्या कळ्या दिसल्या पाहिजेत.

एक कात्री, जी कुणी चालवत नाही

फेब्रुवारीची छाटणी बरेच जण करतात. खरा फरक पडतो तो त्यानंतरच्या छोट्या छाटणीने, आणि ती फार थोड्या जणी करतात.

मोगऱ्याचा एक शेंडा जवळून बघा. पानं जोडीजोडीने समोरासमोर आणि टोकाला कळ्यांचा झुबका, बहुतेक वेळा तीनचा. मधली कळी आधी फुगते, आधी उमलते. ती खुडली की बाजूच्या दोन फुगतात. त्याही निघाल्या की शेंड्याचं काम संपलं. तिथे उरतात फक्त हिरवी दांडी आणि तिच्यावर केसांसारखे दिसणारे निदलाचे बारीक धागे. तो शेंडा तसाच ठेवला तर नवी फूट कधी येईल याचा नेम नाही. तोच शेंडा वरच्या एक-दोन पानजोड्यांसकट कापला, की खालच्या जोडीच्या दोन्ही बगलांतून दोन फुटवे निघतात आणि दोघांच्या टोकाला कळ्या लागतात. एकाचे दोन, दोनाचे चार. फुलं तोडायला जाताना माझ्या कमरेला लहान कात्री खोचलेलीच असते. फुलं तोडायची आणि रिकामे झालेले शेंडे त्याच फेरीत कापायचे. एवढं केलं तर मार्चच्या शेवटापासून पावसाळा लागेपर्यंत बहार येत राहतो, अधेमधे आठ-दहा दिवस झाड दम घेतं तेवढंच.

जागा आणि माती

नवीन लावणार असाल तर ऊन बघून जागा ठरवा. निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, सकाळचं असेल तर उत्तम. निंबाच्या दाट सावलीत लावलेला मोगरा जगतो, फुलत नाही.

आमची काळी माती कापसाला सोन्यासारखी, मोगऱ्याला मात्र पावसाळ्यात जाचक. पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात बारीक मुळं तुटतात. म्हणून दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून एप्रिल-मेच्या उन्हात तापू द्या. तळाला विटांचे तुकडे किंवा जाड मुरूम घाला. मग एक भाग काळी माती, एक भाग मुरूम किंवा नदीची वाळू, एक भाग शेणखत असं भरा. वर जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, म्हणजे पाणी बुंध्याशी साचणार नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोप लावा.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची पिशवी काढल्यावर मुळांभोवती नारळाचा भुसा दिसला तर तो बराचसा झटकून टाका. काळ्या मातीत तो गोळा तसाच पुरला तर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा राहतो, नि झाड कशाने मेलं ते कळतही नाही. रोप निवडताना फुलं मोजू नका, बुडातून तीन-चार फांद्या निघाल्यात का ते बघा. शेंदुरजनाघाटला संत्र्याची कलमं घ्यायला आपल्याकडची माणसं जातातच, तिथल्या रोपवाटिकांत मोगऱ्याचंही विचारून बघावं. गजरे करायचे असतील तर लांबट कळीचा घ्या. बट मोगरा गोल, गच्च पाकळ्यांचा, दिसायला फार देखणा, पण फुलं कमी देतो आणि दोऱ्यात नीट बसत नाही. तो देवाला आणि माठाला. मदुराईच्या मोगऱ्याला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या जाड पाकळीच्या कळ्या बघून पुष्कळ जण तिकडची रोपं मागवतात. आणा हौसेने, पण आपली हवा कोरडी आहे हे लक्षात असू द्या.

नवतपा

मोगरा मुळात उष्ण आणि दमट हवेचा. फिलिपिन्स आणि इंडोनेशिया या दोन्ही देशांचं ते राष्ट्रीय फूल आहे, यावरून त्याला कसली हवा मानवते ते समजावं. ऊन त्याला आवडतं. आमच्याकडची मेमधली 45 अंशांची कोरडी झळ मात्र सोसत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, कळ्या उमलायच्या आधीच तांबूस होऊन गळतात.

यावर उपाय कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचा. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार बुंध्याभोवती चांगलं वीतभर जाड पसरा, फक्त खोडापासून चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर उधई सरळ खोडावर चढते. पाणी सूर्य उगवायच्या आत किंवा दिवेलागणीला, एकदाच पण मुळापर्यंत पोचेल असं. दुपारी अजिबात नाही. कुंड्या असतील तर एकमेकींना चिकटवून ठेवा आणि बाजूंना ओलं पोतं गुंडाळा. उन्हात कुंडीचा काठ हाताला चटका देतो, आतल्या मुळांचं काय होत असेल!

आमच्या तालुक्यात बोअर किती खोल गेले ते सगळ्यांना माहीत आहे. संत्र्याच्या बागा वाळताना बघितलेल्या माणसाला फुलझाडाला पाणी घालताना वाईट वाटतं, आणि ते खरंच आहे. म्हणून मी मोगऱ्याला वेगळं पाणी देत नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठतं, ते त्याचं. न्हाणीचं पाणी चालतं, पण कपड्यांच्या सोड्या-पावडरचं नको. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणीही नको, त्यात क्षार असतात आणि आपल्या जमिनीत आधीच चुनखडी भरपूर.

या चुनखडीमुळेच पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्र्यावरही हेच दिसतं. झाडाला लोह मिळत नाही. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. सगळं पान, शिरांसकट, पिवळं पडून लोंबत असेल तर तो पाणी साचल्याचा रोग आहे, तिथे हिराकस काही करणार नाही. आधी पाणी काढून द्या.

अळी, आणि कपाशीचं औषध

कळीला बारीक भोक आणि कळी जांभळट दिसली की आत अळी आहे. त्या कळ्या खुडून जाळा किंवा खोल पुरा, झाडाखाली पडू देऊ नका. जून-जुलैत निंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वाळवून ठेवल्या की वर्षभराचं औषध घरात. 50 ग्रॅम निंबोळीची पूड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिळून गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला आणि फवारा. झाड कळ्यांवर यायच्या आधी एक-दोन फवारण्या झाल्या तर पुढचा त्रास वाचतो. उन्हाळ्यात पानांमागे कोळ्याची बारीक जाळी दिसली तर साध्या पाण्याचा फवारा खालून जोरात मारा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. कपाशीवर मारून पंपात उरलेलं औषध मोगऱ्यावर मारू नका. "उरलंच हाय त मारून देतो" असं म्हणून गडीमाणसं मारतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ती औषधं काय असतात ते आपण डोळ्यांनी बघितलं आहे. मोगऱ्याचं फूल लेकीच्या केसात जातं, नाकाशी जातं, प्यायच्या पाण्याच्या माठात पडतं.

जाई, जुई, कुंद

यांचं थोडक्यात. जुईला मांडव हवा, बांबूचा साधा चालतो. तिचं पान ओळखायला सोपं: एक मोठं पान आणि त्याच्या बुडाशी कानासारखी दोन इवली पानं. जाईचं पान मेथीसारखं नाही, कडुनिंबासारखं जोडीजोडीने पानं असलेलं, आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक. जाई-जुई पावसाळ्यातही फुलतात, म्हणून मोगरा थांबला की महालक्ष्म्यांच्या दिवसांत त्याच कामी येतात. त्यांचीही छाटणी थंडीच्या शेवटी. कुंद सगळ्यात काटक, कुंपणाला लावा, थंडीत पांढराशुभ्र फुलतो, वास जेमतेम. ज्याच्याकडे पाण्याची फारच टंचाई आहे त्याने कुंदच लावावा.

नवीन रोपं

दुहेरी मोगऱ्याला बी धरत नाही, रोप काडीपासूनच. छाटणीच्या पेन्सिलीएवढ्या काड्या, वीतभर लांब, तीन-चार पेऱ्यांच्या, वाळू-मातीत दोन पेरे खाली जातील अशा खोचून सावलीत ठेवल्या तर काही लागतात. माझा भरवसा दाब कलमावर. पावसाळ्याच्या सुरवातीला जमिनीलगतची लवचीक फांदी वाकवा, पेऱ्याच्या खाली बोटाच्या पेराएवढा तिरपा चीर द्या, चीर मिटू नये म्हणून त्यात वाळूचा खडा ठेवा, तो भाग दोन-तीन इंच मातीत दाबून वर दगड ठेवा. टोक बाहेर हवं. दसरा-दिवाळीपर्यंत मुळं धरतात. आईच्या बाजूने एकदम कापू नका, आधी अर्धं कापा, आठवड्याने पूर्ण.

फुलं तोडणं, गजरा, माठ

घरच्या वापराला दुपारी चार-पाचच्या सुमारास कळ्या तोडाव्यात. हिरवट झाक गेलेली, दुधासारखी पांढरी, टपोरी कळी घ्या. ती रात्री हमखास उमलते. हिरवट कळी तोडली तर तशीच मिटलेली वाळते. देठ नखाने थोडा लांब ठेवून खुडा, गजऱ्याला लागतो.

गजऱ्याला दोऱ्यापेक्षा केळीचं ओलं सोपट बरं, देठ कापत नाही. सोपटाचं टोक डाव्या हाताच्या अंगठ्याखाली धरायचं. दोन कळ्या तोंडं डावीकडे करून ठेवायच्या, दोन उजवीकडे, चौघींचे देठ मधोमध एकमेकांवर. उजव्या हाताने सोपट देठांभोवती एकदा फिरवायचं, मग दोन बोटांवर फासा करून तो देठांवर चढवायचा आणि हलकेच ओढायचा. ओढताना कळ्या एकदम ताठ उभ्या राहतात, तिथेच थांबायचं. पुढच्या चार कळ्या पहिल्यांना चिकटून. झालेला गजरा पळसाच्या पानात गुंडाळून वर ओलं फडकं घाला, सकाळपर्यंत ताजा राहतो.

उन्हाळ्यात माठात घालायला अर्धी उमललेली चार-पाच फुलं आणि वाळ्याची एक जुडी मलमलीच्या स्वच्छ फडक्यात पुरचुंडी करून सोडा. फुलं धुऊन घ्या आणि रोज बदला, दुसऱ्या दिवशी पाण्याला उतरलेला वास येतो. बाजारातली फुलं माठात घालू नका, त्यांवर काय फवारलं ते आपल्याला माहीत नसतं.

फार फुलं निघाली तर तेल करा. धुऊन, सोलून, कडक वाळवलेले तीळ परातीत पसरायचे, त्यावर दव नसलेल्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं, वर कापड. सकाळी कोमेजलेली फुलं वेचून टाकायची, संध्याकाळी ताजी घालायची. आठ-दहा दिवसांत तिळाला वास धरतो. मध्ये तीळ दमट वाटले तर फुलांआधी एकदा सावलीत पसरून घ्या, नाहीतर खवट होतात. मग लाकडी घाण्यावर काढून आणायचं. घाणेवाल्याला आधी सांगा की आपला घाणा सकाळी सगळ्यात पहिला लाव, जवसाच्या मागून लावला तर मोगऱ्याचा वास उरत नाही.